तुम्ही विचारलंत म्हणून : पावसाळ्याची बेगमी

लग्नाच्या पंगतीत असो, व्याख्यानानंतरच्या चहाच्या वेळी असो किंवा एखाद्या बारवेच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीच्या, काठावर कॅमेरा आवरताना असो, ओळख झाली की थोड्याच वेळात मला एक प्रश्न येतो : "ताई, एकटीने, महिन्याला दोन व्हिडिओ, तेही सात वर्षे न चुकता, हे तुम्हाला जमते तरी कसे?" विचारणाऱ्यांपैकी निम्मे स्वतः हेच काम करणारे असतात, कुणी शेतीच्या औजारांवर बोलतो, कुणी मुलांना गणित शिकवते, आणि त्यांना माझ्याकडून पहाटे उठण्याचे एखादे वेळापत्रक किंवा निदान एखाद्या ॲपचे नाव हवे असते. यातले 'न चुकता' हे खरे नाही, हे आधीच सांगून टाकते. मी सपशेल चुकले होते, आणि आज जी काही सवय आहे ती त्या चुकीनंतरची आहे.

मी साताऱ्यात राहते आणि महाराष्ट्रातल्या जुन्या विहिरी, बारवा आणि पुष्करण्यांवर (देवळाजवळच्या पायऱ्यांच्या कुंडांवर) व्हिडिओ करते. पूर्वी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरीला होते. २०१८ च्या जूनमध्ये हे काम सुरू केले, तेव्हा यूट्यूबची नवी अट लागू होऊन काही महिनेच झाले होते : जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा हवा असेल तर १,००० सदस्य आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिले गेलेले व्हिडिओ. अट कळल्यावर मी जे केले ते बहुतेक सगळेच करतात, म्हणजे दर रविवारी सकाळी नऊ वाजता नवा व्हिडिओ देण्याचे जाहीर वचन देऊन बसले.

पंधरा महिने ते पाळले आणि त्याची किंमत एका आकड्याने वसूल केली. लिंब गावातील बारा मोटांच्या विहिरीवर व्हिडिओ करत होते. ही विहीर वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६ या काळात बांधून घेतली, म्हणजे इसवी सनाप्रमाणे १७१९ ते १७२४. शकात ७८ मिळवायचे, हे मला शाळेपासून ठाऊक आहे. त्या शनिवारी रात्री दीड वाजता मी ८७ मिळवले, तोच आकडा पडद्यावर टाकला, तोच आवाजात वाचला आणि सकाळी नऊला तो हजारो लोकांना दाखवला. चार दिवसांनी एका निवृत्त शिक्षकांचे पोस्टकार्ड आले. त्यात रागाचा एकही शब्द नव्हता, फक्त बेरीज नीट मांडून दाखवली होती. मी कार्ड वाचले, व्हिडिओ काढून टाकला आणि पुढचे दोन महिने संगणकासमोर बसले नाही. चुकीची लाज होतीच, पण खरे कारण असे की उजव्या मनगटाची कळ कोपरापर्यंत गेली होती, आणि बारव या विषयाचाच मला कंटाळा आला होता. हे दुसरे मला अधिक भीतीदायक वाटले.

त्या दोन महिन्यांत मी एकच उपयोगाचे काम केले. मागच्या वर्षाची डायरी, मोबाइलमधले फोटो आणि फाइलींवरच्या तारखा समोर ठेवून कोणत्या आठवड्यात प्रत्यक्ष किती तास काम झाले याचा हिशेब वहीत मांडला. प्रवास आणि चित्रीकरण सोडून एका व्हिडिओला ३४ तास लागतात असे निघाले : वाचन आणि टिपणे १०, लेखन ८, आवाज २, एडिटिंग ११, आणि थंबनेल, शीर्षक, उपशीर्षके मिळून ३. माझा सर्वांत चांगला आठवडा होता ३२ तासांचा. म्हणजे सगळे ग्रह अनुकूल असतानाही दर आठवड्याचा एक व्हिडिओ माझ्याकडून होणे शक्यच नव्हते. उरलेले तास मी झोपेतून, मुलीच्या अभ्यासातून आणि मनगटातून काढत होते, आणि वर स्वतःला आळशी म्हणवून घेत होते.

मग मी सरासरी काढली नाही. सरासरीवर बेतलेला वेग निम्मे महिने आपल्याला खोटे पाडतो. मी वर्षातला सर्वांत वाईट महिना शोधला. मुलीला टायफॉइड झाला तो आठवडा ९ तासांचा होता, त्यापुढचा १४ चा, मग २० आणि २५, एकूण ६८. ३४ ने भागले की दोन. महिन्याला दोन व्हिडिओ हे प्रमाण तिथून आले. ते कुठल्या तज्ज्ञाने सांगितलेले नाही आणि माझ्या महत्त्वाकांक्षेतूनही आलेले नाही. चांगल्या महिन्यांत जे तास वरचेवर उरतात ते तिसऱ्या व्हिडिओत घालायचे नाहीत एवढेच पथ्य. ते साठ्यात जातात.

साठा हा शब्द मी इथे हिशेबनिसासारखा वापरला, पण मनात असते ती बेगमी. आमच्या सासूबाई चैत्रात गहू भिजत घालतात, तीन दिवसांनी ते वाटून चीक काढतात, तो शिजवून सोऱ्यातून गच्चीवर कुरडया घालतात, आणि वैशाख संपायच्या आत पापड, सांडगे, कुरडया पत्र्याच्या डब्यांत बंद झालेल्या असतात. मी दर शनिवारी धावपळ करत असे तेव्हा त्या एकदा म्हणाल्या, "अगं, आषाढात कुरडया घालायला बसलीस तर बुरशीच खाशील." दिवाळी अंकांच्या संपादकांनाही हे कुणी शिकवावे लागत नाही. 'मनोरंजन'ने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली तेव्हापासून, ऐन पावसात दिवाळीचे लेख मागवणे ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे. ग्रंथालयात बारा वर्षे ते अंक हाताळूनही माझ्या डोक्यात हा प्रकाश पडला नव्हता, हे नवलच.

माझ्या विषयाला तर बेगमीवाचून गत्यंतर नाही. बारव पाहायची ती फेब्रुवारी ते मे, कारण तेव्हा पाणी उतरते आणि खालच्या पायऱ्या, तळाचे कोनाडे, कधी पावसाळाभर पाण्याखाली राहिलेले एखादे शिल्प उघडे पडते. परभणी जिल्ह्यातल्या वालूरच्या बारवेत पायऱ्या शंखाच्या वळणासारख्या फिरत खाली जातात; ते वळण पाणी उतरल्याशिवाय पुरते उमगत नाही. शिवाय छायाचित्रकार भर दुपारचे ऊन टाळतात, विहिरीत मात्र सगळे उलटे असते. खोल, अरुंद विहिरीच्या तळाशी ऊन पोहोचते तेच मुळी दुपारी बाराच्या आसपास, आणि ते टिकते पाऊण तास. सकाळी दहाला मी खाली उतरते, तिवई लावते, आणि समोरच्या भिंतीवरून उन्हाची तिरकी रेघ एकेक थर खाली सरकताना बघत बसते. ती तळाच्या पायरीला टेकली की काम सुरू करायचे आणि पुन्हा चढू लागली की थांबायचे. हा पाऊण तास कितीही जिद्द केली तरी सव्वा तास होत नाही. घरच्या कामालाही असा एक सूर्य असावा, ही कल्पना मला तिथेच बसून सुचली.

त्यामुळे फेब्रुवारी ते मे दर महिन्याला दोन अशा आठ फेऱ्या, प्रत्येक फेरीत जवळजवळच्या तीन बारवा, म्हणजे चोवीस. वर्षाची बेगमी झाली. जूनपासून घराबाहेर पडायचे ते फक्त महिन्यातून एकदा पुण्याला, भारत इतिहास संशोधक मंडळाच्या ग्रंथालयात. बाकी सगळे काम घरात, आणि तेही प्रकारवार. वाचन व लेखन सकाळी साडेनऊ ते साडेबारा. एडिटिंग दुपारी, सलग दोन तासांपेक्षा जास्त नाही, कारण मनगट. आवाज पहाटे साडेपाचला, दूधवाल्याची मोटारसायकल येण्याआधी, गोधड्यांच्या कपाटात डोके घालून. महिन्याचे दोन्ही व्हिडिओ एकाच पहाटे उरकतात. पूर्वी एकाच दिवसात मी थोडे लिहीत असे, थोडे कापत असे, मध्येच थंबनेलचा रंग बदलत असे, आणि संध्याकाळी दिवसभर काय केले ते सांगता येत नसे.

पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती ही पद्धत पुष्कळांना लागू पडते. १८८५ चे सातारा गॅझेटियर वाचताना मलाही ती सोयीची वाटली. पण एडिटिंगमध्ये पंचवीस मिनिटे केवळ मागचा धागा सापडण्यात जातात. पद्धत कामाच्या मापाची हवी, एवढेच त्यावर माझे मत. एक लहानशी युक्ती मात्र मी कुणालाही सांगेन : लिखाण थांबवताना परिच्छेद पूर्ण करू नये. उद्याचे पहिले वाक्य ठाऊक असताना उठावे. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसल्यावर मोबाइल हातात घेण्याचे निमित्त उरत नाही.

मोबाइलवरून आठवले. यूट्यूब स्टुडिओ नव्या व्हिडिओची तुलना आधीच्या नऊंशी करून दहांपैकी कितवा ते दाखवते. मी जेव्हा दर तासाला ते उघडत होते, तेव्हा 'नववा' एवढे पाहून माझी दुपार नासत असे, आणि त्या दुपारी लिहिलेला मजकूरही नासका निघत असे. आता आकडे शनिवारी, वहीत उतरवण्यापुरते. पैशांचेही तसेच. जाहिरातींचे उत्पन्न महिन्यातून एकदाच येते, दिवाळीच्या सुमारास चढते आणि जानेवारीत दर उतरले की खाली जाते. म्हणून आलेली सगळी रक्कम एका वेगळ्या खात्यात जाते आणि तिथून मी मला दर महिन्याला ठरावीक पगार देते. त्या खात्यात सहा महिन्यांचा घरखर्च साठेपर्यंत मी नोकरी सोडली नव्हती, आणि दुसऱ्या कुणी सोडू नये असे माझे मत आहे. घाईने नोकरी सोडलेला माणूस मिळेल ती जाहिरात घेतो. मीही एकदा, केवळ त्या महिन्याच्या काळजीपोटी, केसांच्या तेलाची घेतली होती. विहिरीच्या व्हिडिओत केसांचे तेल कसे दिसले असेल ते तुम्हीच ठरवा.

एवढी बेगमी करूनही डबे भरतातच असे नाही. या वर्षी, २०२५ मध्ये, मे महिनाभर वळवाने पाठ सोडली नाही, आणि २६ मे रोजी मोसमी पाऊस थेट मुंबईत पोहोचला. मेमधल्या माझ्या दोन्ही फेऱ्या बुडाल्या. पुणे जिल्ह्यातल्या लोणी भापकरची पुष्करणी तर मी काठावर छत्री धरून नुसती पाहून आले. हातात चोवीसऐवजी अठरा बारवा आहेत. सात वर्षांपूर्वीची मी असते, तर जुनी चित्रे उकरून, त्यांना नवी शीर्षके लावून सहांचा खड्डा बुजवला असता. या वेळी मी जूनच्या पहिल्याच आठवड्यात वही काढली आणि जून ते सप्टेंबर हे चार महिने, शिवाय दर उतरतात ते जानेवारी-फेब्रुवारी हे दोन, अशा सहा महिन्यांत एकेकच व्हिडिओ येईल असे प्रेक्षकांना सांगून टाकले. पगार दोन हजारांनी कमी केला. सासूबाईंच्याही यंदा कुरडया निम्म्याच झाल्या आहेत, आणि त्या गणपतीपर्यंत पुरवायच्या म्हणून त्यांनी डबा वरच्या फळीवर ठेवला आहे, जिथे माझा हात पोहोचत नाही.