चौदाव्या नंबरसाठीची मारामारी

हल्ली अधूनमधून कोणीतरी मेसेज करतं, सिम रेसिंग, म्हणजे कॉम्प्युटरवर खऱ्यासारखी रेस चालवायचा खेळ, सुरू करायचंय, कुठलं व्हील (स्टिअरिंग) घेऊ? आणि माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा विरस होतो कारण मी व्हीलबद्दल बोलतच नाही, मी ब्रेकबद्दल बोलतो. व्हील काय, कुठलंही चालतं हो. माझं सेकंडहँड घेतलेलं लॉजिटेक जी२९ आहे, आतमध्ये गिअर असतात त्यामुळे ट्रॅकच्या कडेच्या कर्बवर चाक चढलं की नुसता खडखडाट, बाहेर हॉलमध्ये आई सिरियल बघत असते ती लगेच टीव्हीचा आवाज वाढवते. डायरेक्ट ड्राइव्हवाले, म्हणजे थेट मोटरला जोडलेले, गुळगुळीत असतात, ताकद जास्त, फील मस्त, सगळं मान्य. पण लॅप टाइम, म्हणजे एका फेरीचा वेळ, खाली येतो तो पायाने.

साध्या सेटमधला ब्रेक, पेडल किती खाली गेलं ते मोजतो. लोड सेलवाला ब्रेक तुम्ही किती जोर लावलात ते मोजतो. ऐकायला किरकोळ फरक वाटतो पण पायाला अंतर लक्षात राहत नाही, जोर राहतो. म्हणून पैसे साठवलेच असतील तर आधी पेडल बदला, व्हील नंतर बघू. आणि पेडल जमिनीला किंवा टेबलाला नीट फिक्स करा, नाहीतर प्रत्येक ब्रेकला खुर्ची मागे आणि पेडल पुढे. चाकांची खुर्ची असेल तर तिची चाकं काढून टाका, ह्याला काही पर्याय नाही.

आता ब्रेकचं शास्त्र. नवीन माणूस काय करतो, वळण आलं की घाबरून दाबतो, वळायच्या आधी एकदम सोडतो, मग व्हील फिरवतो आणि गाडी सरळच जाते गवतात. कारण ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं आणि त्या वजनामुळेच पुढच्या टायरला पकड मिळते. पाय फटकन काढलात की नाक हलकं, गाडी वळत नाही. उलट वळताना पण भरपूर ब्रेक ठेवलात तर मागची चाकं हलकी होतात आणि गाडी गरकन फिरते. मधला मार्ग म्हणजे ट्रेल ब्रेकिंग, सरळ रस्त्यावर पूर्ण जोर आणि मग जसजसं व्हील वळवत जाल तसतसा पाय हळूहळू सोडत जायचा, अगदी वळणाच्या आतल्या टोकापर्यंत. एवढंच. सांगायला दोन मिनिटं, पायात उतरायला महिने.

मला ह्यात मदत झाली ती यूट्यूबपेक्षा बाबांची. बाबांनी इकडे गोव्यात डिचोलीच्या खाणींवर टिपर चालवलाय, खनिज भरायचं आणि आमोण्याच्या जेटीवर बार्जसाठी ओतायचं, २०१२ला खाणी बंद पडल्या तोपर्यंत. त्यांना आधी हा सगळा पोरखेळ वाटायचा, "पेट्रोल कोण भरता?" म्हणून चेष्टा. एक दिवस मागे उभे राहून स्क्रीनच्या कोपऱ्यात ती पेडलची लाल-हिरवी पट्टी असते ना, लाल ब्रेकची, हिरवी अ‍ॅक्सिलरेटरची, ती बघत बसले आणि म्हणाले, तुझी लाल पट्टी एकदम पडते रे, भरलेली गाडी असती तर उतारावर मागचं ओझं तुला घेऊन गेलं असतं, सोड पण पाय ठेवून सोड. पाय ठेवून सोड! इंग्रजीत अर्धा तास बडबडणाऱ्या कोचना जे सांगता आलं नाही ते तीन शब्दांत. आता ते अधूनमधून येऊन पट्टी बघून जातात, रेस नाही बघत, पट्टी बघतात.

खरं म्हणजे सिममधली अडचण अशी की बूडच मुकं असतं. खऱ्या गाडीत मागचं चाक सटकलं की डोक्याच्या आधी कमरेला कळतं, पहिल्या पावसात लाल मातीच्या रस्त्यावर ज्यांनी स्कूटर चालवलीय त्यांना हे सांगायला नको. इथे सगळं डोळे, कान आणि हातावर. व्हील हातात हलकं पडलं म्हणजे पुढचा टायर घसरतोय, टायरचा आवाज गुणगुण असेल तोवर ठीक, किंचाळायला लागला की जास्त झालं. त्यात डोळ्यांना पण लोक फसवतात, फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवर दिसणारा कोन, खूप मोठा ठेवतात म्हणजे वेग भारी वाटतो पण वळण आहे त्यापेक्षा लांब दिसतं आणि अंदाज चुकतो. २४ इंची स्क्रीन डोळ्यांपासून ७० सेंटीमीटरवर असेल तर हिशोबाने आडवा कोन जेमतेम ४१-४२ अंश येतो. सुरुवातीला पाइपातून बघितल्यासारखं होतं, पण स्क्रीन जवळ ओढा, सवय होते.

एकट्याने चालवायला असेटो कोर्सा हा गेम बेस्ट. २०१४चं आहे, जुनं झालं, पण सेलमध्ये फुकटात मिळाल्यासारखं मिळतं आणि हौशी लोकांनी बनवलेले ट्रॅक ढिगाने, आपला ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किटसुद्धा, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली तो. पण माणसांशी रेस करायची तर मला आयरेसिंग हा ऑनलाइन गेम आवडतो. महाग आहे, सबस्क्रिप्शन वेगळं आणि गाड्या-ट्रॅक वेगळे विकत घ्यायचे, त्याबद्दल मी कितीही वेळ शिव्या देऊ शकतो. तरी २००८पासून टिकलंय ते उगाच नाही.

टिकलंय ते सेफ्टी रेटिंगमुळे, म्हणजे तुम्ही किती स्वच्छ चालवता त्याच्या मार्कांमुळे, असं माझं मत. रुकी म्हणजे नवशिक्या लायसन्सपासून सुरुवात, मग डी, सी, बी, ए. वर जायचं तर जिंकावं लागत नाही, स्वच्छ चालवावं लागतं. ट्रॅकच्या बाहेर गेलात १ दंडाचा पॉइंट, गाडीवरचा ताबा गेला २, दुसऱ्या गाडीला जोरात ठोकलं ४. आणि गंमत म्हणजे चूक कोणाची हे सिस्टीम विचारतच नाही, दोघांनाही ४. नवीन लोक ह्यावर भयंकर चिडतात, मला मागून ठोकलं आणि पॉइंट मला का? मी पण चिडायचो. पण हळूहळू कळतं की त्यामुळेच तुम्ही आरशात बघायला लागता, हा मागचा आज भानावर नाही, ह्याला जाऊ दे, पुढच्या वळणावर स्वतःच गवतात जाईल. जातोच. पर्वरीला दोन गाड्यांचा आरशाला आरसा लागला तर अर्धा तास रस्त्यात उभं राहून चूक कुणाची ते ठरतं आणि मागे पार मांडवी पुलापर्यंत रांग, तिथे ही सिस्टीम आणली पाहिजे.

रुकीमध्ये माझदा एमएक्स-५ मिळते, छोटी, कमी ताकदीची, शिकायला सोन्यासारखी. अमेरिकेतल्या लाइम रॉक ट्रॅकचं पहिलं वळण, बिग बेंड म्हणतात त्याला, लांबलचक उजवं, आणि पहिल्या लॅपला तिथे दर वेळी जत्रा. प्रत्येकाला वाटतं रेस इथेच जिंकायची. टायर थंड, समोर गाड्यांचा गठ्ठा, तरी लोक प्रॅक्टिसमध्ये ब्रेक मारतात तिथेच मारतात. थोडा लवकर ब्रेक मारून मागे राहिलात तर धूर विरल्यावर तुम्ही आपोआप पाच-सहा नंबर वर.

आता गोव्यातून ऑनलाइन रेस म्हणजे वेगळी साधना. पहिलं म्हणजे वायफाय नको, राउटरपासून सरळ वायर ओढा. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, जास्त असली की समोरची गाडी नेमकी कुठे आहे हे तुमच्या कॉम्प्युटरला थोडं उशिरा कळतं, मधल्या वेळात तो अंदाजाने गाडी दाखवतो, त्यामुळे कधीकधी न लागताच टक्कर होते. लांबच्या सर्व्हरवर असलात तर दरवाजाला दरवाजा लावून चालवायचा हट्ट सोडा, हातभर जागा ठेवा. दुसरं म्हणजे लाईट. जून ते सप्टेंबर आमच्याकडे ढग गडगडला की लाईट जाते, माड कुठल्या तारेवर पडेल सांगता येत नाही, त्यामुळे कॉम्प्युटर आणि राउटर दोन्हीला यूपीएस. राउटरचं लोक विसरतात. बाकी मनाला लावून घेऊ नका, २०२३च्या व्हर्च्युअल ल मानमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या २४ तासांच्या रेसच्या ऑनलाइन आवृत्तीत, साक्षात फॉर्म्युला वनचा चॅम्पियन व्हर्स्टापेन आघाडीवर असताना त्याचं कनेक्शन गेलं होतं आणि तो जो काय भडकला.

मग एवढं सगळं कशाला करायचं? जिंकायला नाही. यान मार्डनबरो २०११मध्ये ग्रान टुरिस्मो ह्या गेमच्या जीटी अकॅडमी स्पर्धेतून निवडला गेला आणि दोन वर्षांनी खऱ्या ल मानमध्ये आपल्या क्लासमध्ये तिसरा आला, पण असा एखादाच. आम्ही वेर्ण्याला शिफ्ट करून घरी येणारी माणसं, आमची मजा वेगळी. मागच्या महिन्यात लगुना सेका ह्या अमेरिकेतल्या ट्रॅकवर मी आणि एक ब्राझीलचा गडी, चौदाव्या नंबरसाठी. तिथलं कॉर्कस्क्रू माहीत असेल, चढ चढून जाता, पुढचं काहीच दिसत नाही, डावीकडे वळता आणि जमीनच गायब, साधारण १३७ मीटरमध्ये १८ मीटर खाली, लगेच उजवीकडे. त्याचं ब्रेकिंग माझ्यापेक्षा चांगलं, उतारानंतर बाहेर पडताना मी चांगला. म्हणजे तो वर मला गाठणार, मी खाली सुटणार, प्रत्येक लॅपला हेच. शेवटच्या लॅपला त्याने आत नाक घातलं, मी जागा सोडली, दोघं शेजारी शेजारी त्या भोकात उतरलो आणि एकमेकांना स्पर्शसुद्धा नाही! लाइनीपर्यंत तो अर्धी गाडी पुढे. मी पंधरावा. हातांना घाम, छाती धडधडतेय, आणि चॅटवर त्याचा मेसेज, ओब्रिगादो, पोर्तुगीजमध्ये धन्यवाद. आता गोव्यात हा शब्द कोणाला समजावून सांगायला नको, मी पण तोच परत टाकला, तो उडालाच, कुठला रे तू? मग पुढची वीस मिनिटं रेस सोडून मासे आणि काजू ह्यावर गप्पा.

आमचा म्हापसा-डिचोली-मडगाव असा छोटा ग्रुप आहे, रविवारी रात्री जेवणं झाली की चालवतो. पुढची रेस जर्मनीतल्या नॉर्डश्लाइफे ट्रॅकवर ठरलीय, एक लॅप २०.८ किलोमीटर, जंगलातून, वर-खाली, बाहेर पळायला जागा जवळजवळ नाहीच. मडगावच्या दोस्ताचं म्हणणं चार लॅप ठेवू, मी म्हणतो दोन पुष्कळ, आधी सगळे एक तरी पूर्ण करून दाखवा. बाबांना नकाशा दाखवला तर बराच वेळ बोट फिरवत बघत राहिले, चोर्ला घाटापेक्षा बरा दिसतो म्हणाले, आणि मध्ये चहाला थांबायचं कुठे?