तुम्ही विचारलंत म्हणून : पहिलीचा वर्ग, माळ आणि माय

आमच्या चर्चच्या मंडळीतली डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) करणारी मुलं-मुली विचारतात, शाळेतले पालक विचारतात, लग्नकार्यात भेटलेले पाहुणे तर हमखास विचारतात : "बाई, तुम्ही ख्रिस्ती, मग कॉन्व्हेंट सोडून जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत कशा? जमतं का तिथं? सुख कशात, त्रास कशाचा?" उभ्या उभ्या उत्तर दिलं की ते अर्धवट राहतं, म्हणून नीट लिहिते. खानदेशातल्या अमळनेर, पारोळा, चोपडा या पट्ट्यातली पहिली ते चौथीची, दोन-तीन शिक्षकांची शाळा डोळ्यांसमोर ठेवा.

सुख आधी सांगते. पहिलीचं पोर वाचायला लागतं, त्यात सगळं आलं. पण ते घडतं कसं, हे बाहेरून कळत नाही.

आपल्याकडचं मूल शाळेत येतं ते अहिराणी बोली घेऊन. बोलताना 'ळ'च्या जागी 'य' येतो : शाळेची शाया, डोळ्याचा डोया. 'ण'चा 'न' होतो, पाण्याचं पानी होतं. श्रुतलेखनात 'माळ' सांगितली की पाटीवर 'माय' उमटते, 'गाळ'ची 'गाय' होते. इथं नवीन शिक्षक पटकन फुली मारतात आणि तिथंच पोर बिचकतं. त्यानं तर कानाला आलं तसंच इमानदारीनं लिहिलेलं असतं. त्याचा कान अजून 'ळ' वेगळा धरत नाही, म्हणून काम आधी कानावर करायचं, मग जिभेवर, पाटी शेवटी.

दोन कार्डं करायची. एकावर फुलांची माळ, दुसऱ्यावर आई. आपण शब्द म्हणायचा, पोरानं कार्ड उचलायचं. पहिले दोन दिवस तोंड दिसू द्यायचं, नंतर तोंडापुढे वही धरायची, कारण हुशार पोरं जिभेकडे बघून ओळखतात आणि आपल्याला वाटतं, कान तयार झाला. दहात आठ वेळा बरोबर आल्याशिवाय पेन्सिल हातात द्यायची नाही. माळ-माय आणि गाळ-गाय एवढ्या दोन जोड्या आठवडाभर पुरतात. मग आरसा. जिभेचं टोक मागे वळवून टाळूला टेकवायचं आणि झटक्यात पुढे सोडायचं. पोरांना हा खेळच वाटतो. त्यानंतर लिहिणं.

'ळ' हाती आला की काही दिवस तो सगळीकडे घुसतो. पोर 'पाय धुतले'चं 'पाळ धुतले' करतं. घाबरायचं नाही. नवा आवाज त्याला वेगळा ऐकू यायला लागल्याची ती खूण आहे, थोड्या दिवसांत आपोआप बसतं. मात्र घरच्या बोलीला अशुद्ध म्हणायचं नाही, अगदी सहजसुद्धा नाही. गोष्ट आधी अहिराणीत सांगा, मग मराठीत. मूल शाळेत बोलकं झालं, तर वाचणारही होतं.

आता त्रास. लोकांना वाटतं, त्रास धर्माचा असेल. तो फार थोडा आहे. खरा त्रास, वर्गात जायला हवा तो वेळ कागदात जातो. दुपारच्या पोषण आहाराची रोजची माहिती मोबाइलवर भरायची, नेटवर्क नसलं की मुलांना पाठ देऊन व्हरांड्याच्या टोकाला उभं राहायचं. तीस मुलांचा हिशेब सोपा आहे : माणशी १०० ग्रॅमनं तांदूळ ३ किलो, २० ग्रॅमनं डाळ ६०० ग्रॅम, ५० ग्रॅमनं भाजी दीड किलो. पण कापसाच्या दिवसांत तीसची अठरा होतात, आणि हजेरी घेण्याआधीच तांदूळ धुतला गेला तर उरतो. म्हणून आधी डोकी मोजायची, मग मावशींना माप द्यायचं. खिचडी मुलांना वाढायच्या आधी शिक्षकानं चाखायची असते. तो घास उरकायचा म्हणून घेऊ नका. डाळ कच्ची राहिली तर दुपारी पोटं दुखतात ती पहिलीच्याच पोरांची.

कागदातलाच एक भाग मात्र मनापासून करा : जनरल रजिस्टर. पहिलीत नाव घालताना आपण जे लिहितो, तेच पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरतं आणि जातीच्या दाखल्यासाठी तेच मागतात. आपल्या ख्रिस्ती मुलांत हमखास चुकतं ते नाव. घरी आणि बाप्तिस्म्याच्या वहीत 'शमुवेल', आधारवर 'सॅम्युएल'. योहानाचा 'जॉन' होतो. मग आधार जुळत नाही आणि पोर ऑनलाइन पटावर अडकून राहतं. प्रवेशाच्या दिवशीच जन्मदाखला आणि आधार शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर तपासा. फरक दिसला तर पालकांना तेव्हाच आधार केंद्रावर पाठवा. रजिस्टरातली नोंद एकदा झाली की दुरुस्तीला वरची मंजुरी लागते, आणि मजुरी बुडवून हेलपाटे घालतो तो बाप.

धर्म आणि जात या रकान्यांत अंदाजानं काहीही लिहू नका. भिल्ल, मावची, पावरा कुटुंब ख्रिस्ती झालं म्हणून त्यांचं अनुसूचित जमातीत असणं जात नाही. अनुसूचित जातींचं तसं नाही. १९५० च्या आदेशाप्रमाणे तो दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना मिळतो, ख्रिस्ती झालेल्यांना नाही. हा फरक ठाऊक नसलेल्या शिक्षकानं सहज 'ख्रिश्चन' एवढंच लिहून जमातीचा रकाना मोकळा सोडला, की मूल दहावी झाल्यावर त्याची किंमत मोजतं. आई-वडील आणि आजोबांचे कागद मागवा, त्यात आहे तेच लिहा.

दुसरा त्रास गैरहजेरीचा, आणि तो मनाला लागतो. जूनमध्ये गमभन गिरवायला लागलेलं पोर दिवाळीनंतर दिसेनासं होतं. कुणी आई-बापासोबत ऊसतोडीला गेलं, कुणी कापूस वेचायला, कुणी नुसतं धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहिलं. "कापूस थांबस का, बाई?" या प्रश्नाला उत्तर नसतं. पण तीन गोष्टी उपयोगी पडतात. घरी जायचं ते दिवेलागणीनंतर, शेतावरून माणसं आल्यावर, आणि शेजारच्या एखाद्या पोराला सोबत घेऊन. "रोज पाठवा" असं न म्हणता "सोमवारी आणि मंगळवारी तरी पाठवा" म्हणायचं, असं ठरलेलं बहुधा पाळलं जातं. आणि धाकटं भावंड घरी ठेवण्यापेक्षा शाळेत आणू द्यायचं. ते कोपऱ्यात बसून पाटीवर रेघोट्या ओढतं आणि बहिणीचा दिवस वाचतो. ऊसतोडीला जाणाऱ्यांना निघण्याआधी शिक्षण हमी पत्र भरून द्या, पोर जाईल त्या गावच्या शाळेत ते चालतं. पटावरून नाव मात्र काढू नका.

आता धर्माचं, कारण तुमचा खरा प्रश्न तोच असतो. राज्यघटनेचं २८वं कलम स्पष्ट आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत कुठल्याच धर्माचं शिक्षण देता येत नाही, आणि अनुदानित शाळेतसुद्धा पालकांच्या संमतीवाचून मुलाला उपासनेत बसवता येत नाही. हे आपल्यालाही लागू आहे, आधी आपल्यालाच. वर्गात प्रभूचं नाव घेऊन काही सांगायचं नाही, शब्बाथशाळेचं (चर्चमधल्या मुलांच्या बायबलवर्गाचं) आमंत्रण वर्गातल्या मुलांना द्यायचं नाही. पालकांनी आपलं लेकरू पाच तास विश्वासानं सोपवलेलं असतं. मंडळीकडून स्वेटर किंवा वह्या द्यायच्या असतील तर हातोहात वाटू नका. मुख्याध्यापकांना पत्र द्या, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय ठेवा, नोंद करा, आणि वाटप समितीच्या हातून होऊ द्या. चांगल्या मनानं दिलेल्या वस्तूवर गावात संशय उठला की तो निस्तरायला वर्षं जातात. तो फार दुखतोही, कारण आपण त्या पोरांचं शेंबूडसुद्धा पुसलेलं असतं.

दसऱ्याआधी पाटीपूजन असतं. आरतीचं ताट धरायचं नसेल तर ते त्या सकाळी सांगू नका, जूनमध्येच सहकाऱ्यांशी बोलून ठेवा. पाट्या धुवायच्या, एक-एक आकडा जुळवून पाटीवर काढतात ती सरस्वतीची आकृती मुलांना नीट काढायला शिकवायची, रांग धरायची, ही कामं आनंदानं अंगावर घ्या. प्रसादाचं ज्यानं त्यानं आपल्या विवेकानं ठरवावं. बायबलमध्ये, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, पौलानं यावर अख्खा अध्याय खर्ची घातला आहे. घ्यायचा नसेल तर हात जोडून नाही म्हणा, तोंड फिरवून नको. जेवणाआधी मुलं श्लोक म्हणतात तेव्हा शांत उभं राहून मनात आपली प्रार्थना करावी. त्या खिचडीसाठी देवाचे आभार मानायलाच हवेत.

रविवारची अडचण मात्र खरी. मतदार नोंदणीची विशेष शिबिरं बहुधा शनिवार-रविवारी लागतात, आणि निवडणुकीचं काम शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमातही शिक्षकाला टाळता येत नाही. सकाळची उपासना बुडते. मार्ग एकच : सहकाऱ्याशी अदलाबदल. त्यानं रविवारी सकाळी बसावं, आपण त्याच्या सणाला बसू. नाताळची मराठी शाळेला एकच दिवस सुटी. २४ च्या रात्रीची उपासना, २५ ला घर भरलेलं, २६ ला परिपाठ. मुख्याध्यापकांच्या अधिकारातली एखादी सुटी तिथं जोडता येते का, हे वर्षाच्या सुरुवातीलाच विचारा, डिसेंबरमध्ये ती संपलेली असते. उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) सुटी असते. पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) मात्र मार्च-एप्रिलच्या मूल्यमापनात येतो, त्याची तयारी ठेवा.

एक काम मला फार आवडतं, ते कार्यानुभवातलं. दिवाळीच्या सुटीआधी चौथीच्या मुलांकडून चांदणीचा आकाशकंदील करून घ्या. ६० सेंटीमीटरच्या दहा कामट्या. वाळलेल्या असतील तर अर्धा दिवस पाण्यात ठेवा. प्रत्येकीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंटीमीटरवर पेन्सिलची खूण. पाच कामट्यांची एक चांदणी, खुणांवर खूण येईल अशी बांधायची. अशा दोन. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाच टोकं दोऱ्यानं बांधायची, मग आतल्या पाच सांध्यांत १२ सेंटीमीटरच्या आडव्या काड्या बसवायच्या की चांदणी फुगते. खुणा टाळल्या तर एक टोक वाकडं होतं, आडवी काडी लांब झाली तर कामटी मोडते. वर घोटीव कागद, कणकेच्या खळीनं. दिवाळीत तो गावात घरोघरी लागतो. आणि वर्गात एखादं ख्रिस्ती पोर असेल तर तोच कंदील कागद बदलून डिसेंबरात त्याच्या दारावर लागतो. त्यासाठी कुणाला काही सांगावं लागत नाही.

आणि सुखाचं सुरुवातीला सांगत होते ते. फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला कधीतरी पहिलीचं पोर आईचा हात धरून एस.टी.च्या थांब्यावर उभं असतं. गाडी येते. आई ड्रायव्हरला विचारते, "जयगाव जास का?" पोर पाटीकडे बघतं, जीभ मागे नेतं आणि एक-एक अक्षर लावत मोठ्यानं वाचतं : ज, ळ, गा, व.