बडीशेपेच्या बशीतले पैसे

बिल चुकवून गिऱ्हाईक उठलं, की बडीशेपेच्या बशीत एखाद-दुसरी नोट आणि चार नाणी उरतात. ती आधी वेटरच्या हाती लागत असतील, असं बसणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात टेबलाशी पहिला पोचतो तो फडका मारणारा, कारण ताटल्या गोळा करून मोरीत नेणं हे त्याचं काम. म्हणून मुरलेला वेटर खुर्ची सरकल्याचा आवाज येताच हजर होतो आणि बशी स्वतः उचलतो. ‘राहू दे, मी घेतो,’ असं तो म्हणतो, पण ते क्लीनरला मदत म्हणून नव्हे.

टिप कोणाची, हे ठरतं वाढण्याच्या पद्धतीवरून. उडप्याच्या हॉटेलात चार-पाच टेबलं एका वेटरकडे असतात. पाणी, ऑर्डर, डोसा, जादा सांबार, बिल, सगळं तोच बघतो. तेव्हा बशीतले पैसेही त्याचेच. रात्री शटर ओढताना तो क्लीनरला दहा-वीस रुपये देतो, तेही मर्जीनं. त्यामुळे अशा ठिकाणी भांडणं टिपेवरून होत नाहीत, टेबलांवरून होतात. दारालगतच्या टेबलावर नुसता चहा पिणारा एकटा येतो, पाच मिनिटांत उठतो, सुट्टे मोजून घेतो. मोरीजवळच्या टेबलावर कोणी बसायलाच तयार नसतं. आतल्या फॅमिली सेक्शनला मात्र लहान मुलं, आइस्क्रीम आणि वीसची नोट. शहाणा मॅनेजर दर आठवड्याला टेबलं फिरवतो. जिथं तो फिरवत नाही, तिथं त्याच्या गाववाल्याला कुठली टेबलं मिळाली आहेत ते पाहावं. बारा जणांसाठी दोघांची टेबलं जोडली, तर ज्यानं ऑर्डर घेतली त्याचं टेबल, असा रिवाज. दुसऱ्यानं पाण्याचे जग भरले असतील, तर त्याचा वाटा ‘समजून’ द्यायचा. आणि समजूत दोघांची वेगळी असली, की मोरीपाशी आवाज चढतो.

थाळीच्या हॉटेलात हा प्रश्नच उद्भवत नाही. एक वाढपी फुलके घेऊन फिरतो, दुसरा भाज्यांची चौफुली, तिसरा डाळ-कढी, चौथा फरसाण. तुमच्या ताटात आठ हात येऊन गेलेले असतात आणि टेबल कोणा एकाचं नसतं. मग गल्ल्याजवळ एक डबा ठेवतात, त्यात सगळ्यांची टिप. कढीवाल्याच्या हातात मुद्दाम पन्नास रुपये कोंबले, तर बाकीचे त्याच्याकडे बघत राहतात. तो बिचारा ती नोट डब्यात टाकेपर्यंत.

मोठ्या रेस्टॉरंटात कॅप्टन ऑर्डर घेतो, केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, किचनला जाते, हेल्पर ट्रे आणतो, वेटर वाढतो. इथं वाटणी पॉइंटांवर चालते. समजा, रात्री डब्यात ३,००० रुपये जमले. कॅप्टनला ३ पॉइंट, पाच वेटरांना प्रत्येकी २, चार हेल्परांना प्रत्येकी १, किचनला मिळून ३. एकूण २० पॉइंट, म्हणजे पॉइंटला १५० रुपये. कॅप्टनचे ४५०, वेटरचे ३००, हेल्परचे १५०, आणि तंदूरसमोर भाजून निघालेल्या सगळ्या किचनचे मिळून ४५०. हिशेब सरळ आहे. बिघडतो तो माणसांमुळे. कोणी पाचशेची नोट थेट खिशात घालतो. डबा रोज न उघडता आठवड्यानं उघडला, तर मधे दोन सुट्ट्या घेतलेल्याचे पॉइंट किती, यावर वाद पेटतो. काही मालक फुटलेल्या ग्लासांचे पैसे त्या डब्यातून कापतात. ते मला साफ चुकीचं वाटतं. ग्लास धंद्याचा, टिप नोकराची.

आता बसणाऱ्याची बाजू. खाणं ८६० रुपयांचं झालं, तर त्यावर ५ टक्के जीएसटी ४३, एकूण ९०३. टिप ८६० वर मोजायची. सरकारच्या ४३ रुपयांवर कशाला? दहा टक्के धरले तर ८६ होतात. उडप्याकडे इतकी कोणी अपेक्षा धरत नाही, वीस रुपये पुष्कळ झाले. बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला असेल, तर जीएसटी त्याच्यावरही बसतो आणि आकडा ९९३ रुपये ३० पैशांवर जातो. हा चार्ज हॉटेलनं परस्पर लावायचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. तेव्हा ‘हा काढा’ म्हणायला संकोच नको. फक्त काढल्यावर वेटरला विसरू नये, कारण बहुतेक जण नेमके तेच करतात.

अमेरिकेत नव्यानं गेलेला मराठी माणूस १८ ते २० टक्के टिप बघून दचकतो. तिथं केंद्रीय कायद्यानं टिप मिळवणाऱ्याला मालकानं ताशी २.१३ डॉलर दिले तरी चालतं, आणि ७.२५ च्या किमान वेतनापर्यंतची भर टिपेतून पडते, असं धरलेलं आहे. अनेक राज्यांत हा दर जास्त आहे. पण मूळ विचार हाच, की पगाराचा एक भाग गिऱ्हाइकानं द्यायचा. आपल्याकडे ती मर्जी राहिली.

मर्जी वळवायचं हत्यार म्हणजे सुट्टे. ९०३ च्या बिलावर हजार दिले, तर परत यायचे ९७. कच्चा वेटर पन्नासच्या जोडीला वीसच्या दोन नोटा आणि वरची सातची नाणी आणतो. पक्का वेटर पन्नास, चार दहाच्या, एक पाचचं आणि दोनचं नाणं आणतो. पन्नास खिशात जाते, दहाच्या नोटांशी बोटं चाळा करतात, एखादी-दोन उरतात, आणि नाणी तर कोणी उचलतच नाही. सुट्टे मुद्दाम असे लावून घ्यायला तो गल्ल्यावर दोन मिनिटं उभा असतो. आपण समजतो, उशीर झाला.

यूपीआयनं हे हत्यार बोथट केलं. ९०३ म्हणजे ९०३. साउंडबॉक्स तेवढंच ओरडतो. ‘हजार मारा, वरचे त्याला द्या,’ असं सांगितलं, तर पैसे मालकाच्या खात्यात जातात आणि गल्ल्यावरचा म्हणतो, रात्री घे. रात्री ते सत्त्याण्णव आठवतीलच असं नाही. म्हणून काही वेटरांनी ऑर्डरच्या पॅडमागे स्वतःचा क्यूआर चिकटवलाय. बिल ठेवताना पॅड अलगद उलटा पडतो, मालक पार्सल बांधण्यात गुंतलेला असेल तेव्हाच. फडका मारणाऱ्याकडे पॅड नसतो.