चमचा कोणता?

काल सेकंड इयरच्या पोरांना पॅरासिटामॉल शिकवत होतो. दहा किलोचं बाळ, किलोला 15 मिलिग्रॅम, म्हणजे एका वेळी 150, हे सगळ्यांनी पटकन सांगितलं. मग टेबलावर तीन बाटल्या मांडल्या, म्हटलं आता एमएल सांगा. पाच एमएलला 125 वालं सिरप असेल तर 6 एमएल, 250 वालं असेल तर 3, आणि ड्रॉप्स एका एमएलला 100 वाले असतील तर फक्त दीड! वर्ग एकदम गप्प.

मग मीच आजी झालो, अहिराणीत विचारलं, 'पोऱ्याले ताप शे, कितला चमचा देऊ?' तर टॉपर पोरगी बिनधास्त म्हणे दोन चमचे. अगं बाई, पण कोणता चमचा, चहाचा की पोह्याचा? शेवटी मागच्या बाकावरचा शिरपूरकडचा पोरगा (एरवी झोपलेला असतो) उठला, सर बाटलीसोबतचं मापाचं झाकण आहे ना, त्याच्यावर पेनाने रेघ मारून देऊ.