तुम्ही विचारलंत म्हणून: अठरा वर्षं लूपला

सकाळी फिरायला निघालं की कुणीतरी विचारतंच. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, नातवाच्या मित्रांसमोर तर हमखास. "काका, तुम्ही भुसावळचे. जन्म गेला मालगाडीचा गार्ड म्हणून. तुम्हाला हा रोलिंग स्टोन्स नावाचा इंग्रज रॉक बँड कुठून चिकटला?" चाळीस वर्षं माझं एकच उत्तर: रेल्वेच्या चाळीत राहिलं की काहीही चिकटतं, खरूजसुद्धा. लोक हसतात, विषय संपतो.

पण ऑक्टोबर २०२३ पासून या प्रश्नाला शेपूट फुटलंय. "ऐंशीच्या म्हाताऱ्यांनी अठरा वर्षांनी नव्या गाण्यांचा अल्बम काढला म्हणे. त्यात आता काय ऐकायचं?" इथे खरूज पुरत नाही. तेव्हा विचारलंतच, तर बसा जरा.

माझे वडील लोको शेडमध्ये फिटर. आम्ही मूळचे अमळनेरकडचे, त्यामुळे घरात अहिराणी. चाळीच्या मागे एक बंगला होता, त्यात एक अँग्लो-इंडियन मेल ड्रायव्हर राहायचे. रविवारी त्यांच्या व्हरांड्यात ग्रामोफोन लागायचा आणि आम्ही पोरं कुंपणाला लटकायचो. तिथे मी पहिल्यांदा स्टोन्सचं 'सॅटिस्फॅक्शन' हे गाणं ऐकलं. चौदा-पंधरा वर्षांचा असेन. इंग्रजी कळायचं नाही. पण सुरुवातीची ती तीन सुरांची घरघर मात्र ओळखीची वाटली. ब्रेक सोडवणारा व्हॅक्यूम नीट बनला नसताना गाडी ओढली की ब्रेकचे ठोकळे चाकाला घासत जातात ना, अगदी तसा आवाज. आई परसात भांडी घासत होती. ती म्हणाली, "हाऊ गाई राहिना का भांडी राहिना?" गातोय की भांडतोय? त्या गाण्याचं याहून नेमकं परीक्षण मी आजवर वाचलेलं नाही.

पुढे ते कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं. जाताना साहेबांनी ती तबकडी माझ्या हातात ठेवली. आमच्याकडे ग्रामोफोन नव्हता. नोकरी लागून, लग्न होऊन, जुन्या बाजारातून एक प्लेअर घरी यायला अकरा वर्षं लागली. तोवर ती तबकडी पत्र्याच्या पेटीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. कधी काढायची, पुसायची, परत ठेवायची.

म्हणून डार्टफर्ड स्टेशनची गोष्ट वाचली तेव्हा मला ती दंतकथा वाटली नाही. डार्टफर्ड हे लंडनजवळचं गाव. ऑक्टोबर १९६१. दोन नंबरच्या फलाटावर अठरा वर्षांचा मिक जॅगर, म्हणजे पुढे स्टोन्सचा गायक, कॉलेजला निघालेला, काखेत दोन तबकड्या: एक चक बेरीची, एक मडी वॉटर्सची, दोघंही अमेरिकेतले काळे गायक-गिटारवाले. पुढे स्टोन्सचा गिटारवाला झालेला कीथ रिचर्ड्स त्याच गाडीसाठी आलेला. दोघं लहानपणी एका शाळेत होते, मग वाटा फुटल्या होत्या. कीथने त्याला हाक मारली ती आधी तबकड्या बघून. असलं संगीत इंग्लंडच्या दुकानांत सहजी मिळत नसे. मिक थेट शिकागोच्या चेस कंपनीला पत्र लिहून मागवायचा. फलाटावर रोज शेकडो ओळखी होतात आणि पुढच्या स्टेशनला उतरून जातात. ही साठ वर्षं चालली.

पुढचा प्रवास भराभर झाला. खरं तर ब्रायन जोन्स नावाच्या गिटारवाल्याने उभा केलेला हा बँड. नावही त्याचंच: जाहिरातीसाठी फोनवर नाव विचारलं, तर समोर पडलेल्या मडी वॉटर्सच्या तबकडीवरचं एक गाणं त्याने वाचून दाखवलं. १२ जुलै १९६२ ला लंडनच्या मार्की क्लबमध्ये पहिला कार्यक्रम. त्या हिवाळ्यात बिल वायमनला बास गिटारसाठी घेतलं, त्याचं एक मोठं कारण म्हणजे त्याच्याकडे मोठा अँप्लिफायर होता. यात मला नवल वाटलं नाही. आमच्याकडे ज्याच्या घरी आहुजाचा भोंगा, तोच गणेश मंडळाचा अध्यक्ष. जानेवारी १९६३ मध्ये ड्रमवर चार्ली वॉट्स आला आणि गाडीला खरा गार्ड मिळाला. रिचमंड स्टेशनसमोरच्या हॉटेलात रविवारी रात्री ते वाजवू लागले आणि काही आठवड्यांत आत शिरायला जागा उरेना. तिथे अँड्र्यू ओल्डहॅम नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोराने त्यांना हेरलं आणि तो त्यांचा मॅनेजर झाला. बीटल्सना नकार देऊन पस्तावलेल्या डेका कंपनीने या वेळी करार करायला उशीर केला नाही. जून १९६३ मध्ये पहिली तबकडी, तीही चक बेरीच्याच गाण्याची. दुसरं गाणं चक्क बीटल्सच्या लेनन आणि मॅकार्टनीने लिहून दिलेलं.

या सगळ्यात माझा जीव एका माणसात अडकतो. इयन स्टुअर्ट, पियानोवाला, अगदी सुरुवातीपासूनचा. ओल्डहॅमला सहा जण जास्त वाटले आणि स्टुअर्टचा चेहरा पोस्टरवर शोभेल असा वाटला नाही. त्याला फोटोतून काढलं. तो गेला नाही. गाडी चालवायची, सामान वाहायचं, स्टुडिओत पियानो वाजवायचा, हे त्याने १९८५ मध्ये मरेपर्यंत केलं. मी पस्तीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात बसलो. फाटकावरची पोरं इंजिनाला हात करतात. ब्रेकव्हॅन येईपर्यंत ती घराकडे वळलेली असतात.

असो. जून १९६४ मध्ये ही पोरं शिकागोला गेली, ज्या पत्त्यावर मिक पत्रं पाठवायचा त्याच चेस कंपनीच्या स्टुडिओत. तिथे रेकॉर्ड केलेलं गाणं इंग्लंडमध्ये त्यांचं पहिलं नंबर एक ठरलं. कीथ सांगतो की तिथे पोचलो तर खुद्द मडी वॉटर्स शिडीवर चढून छत रंगवत होता. दुसरे सांगतात, असं काही घडलं नव्हतं. मला कीथचं खरं मानावंसं वाटतं, पण कीथच्या सगळ्याच गोष्टी सांगायला फार छान असतात, तेव्हा जपून. वर्षभराने 'सॅटिस्फॅक्शन' आलं, अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं आणि तिथून आमच्या कुंपणापर्यंत.

आता तुमच्या म्हाताऱ्यांवर येतो. लोकांना वाटतं, हा तरुण बँड होता आणि आता म्हातारा झाला. मला उलट दिसतं. ती एकोणीस-वीस वर्षांची पोरं पहिल्या दिवसापासून म्हाताऱ्याचं सोंग घेत होती. मडी वॉटर्स तेव्हा पन्नाशीकडे झुकलेला, मिसिसिपीच्या मळ्यांत राबून शिकागोला आलेला. त्याचं दुःख त्यांनी उसनं आणलं होतं. आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते तेव्हा रात्रभर बाया गाणी म्हणतात. नवी सून शब्द चुकत नाही, तिचा गळाही गोड असतो. तरी सगळे वाट बघतात ती कोपऱ्यातली, दात पडलेली आजी कधी तोंड उघडते याची. तिचा सूर लागत नाही, दम पुरत नाही. गाणं मात्र तिचं असतं.

'हॅकनी डायमंड्स', म्हणजे तुम्ही विचारलेला तो अल्बम, मी हे मनात धरूनच लावला. लंडनच्या बोलीत त्या नावाचा अर्थ चोरांनी फोडलेल्या गाडीच्या काचांचा रस्त्यावर पडलेला चुरा. २०१६ मध्ये त्यांनी जुन्या ब्लूज गाण्यांचा एक अल्बम केला होता, पण स्वतःच्या नव्या गाण्यांचा २००५ नंतर हाच पहिला. मधली अठरा वर्षं हा बँड बहुतेक जुनीच गाणी घेऊन गावोगाव फिरला. रेल्वेच्या भाषेत लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभा होता: इंजिन गरम, सिग्नल लाल, शेजारून बाकीच्या गाड्या धडाधड चाललेल्या. हे उभं राहणं मला चांगलं माहीत आहे. ७ एप्रिल २००३ ला स्टोन्स मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवत होते आणि मी कोळशाची मालगाडी घेऊन चाळीसगावला लूपला. रजा मागितली होती, ऐन वेळी रद्द झाली. ब्रेकव्हॅनमध्ये ना दिवा ना पंखा. उन्हात दिवसभर तापलेला पत्रा रात्री अकरालाही हात लावू देत नव्हता.

अल्बम सगळाच थोर आहे असं म्हणणार नाही. पहिलं गाणं 'अँग्री' ठीकठाक, बँड उभा आहे हे सांगण्यापुरतं. निर्माता तेव्हा पस्तिशीच्या आतला, त्याने प्रत्येक आवाज नव्या स्टीलच्या डब्यासारखा घासून ठेवलाय. मला थोडी काजळी हवी होती. एका गाण्यात मॅकार्टनी बास वाजवतो, म्हणजे साठ वर्षांपूर्वी गाणं लिहून देणारा शेजारी आता घरात येऊन बसला. लेडी गागाबरोबरचं 'स्वीट साउंड्स ऑफ हेवन' सात मिनिटांच्या वर जातं. एकदा संपतं आणि पुन्हा सुरू होतं. मी दोन्ही वेळा हातातला चहा खाली ठेवला. मिकचा गळा ऐंशीव्या वर्षी असा कसा, याचं उत्तर डॉक्टरांनी द्यावं. कीथच्या बोटांना संधिवात आहे. तो म्हणतो, वाजवण्याची पद्धत बदलावी लागली. कान देऊन ऐका, सूर कमी झालेत, पण जे नको होते तेच कमी झालेत.

चार्ली ऑगस्ट २०२१ मध्ये गेला, ऐंशी वर्षांचा होऊन. त्याने आधी वाजवून ठेवलेलं दोन गाण्यांत आहे. त्यातल्या एकासाठी १९९३ पासून बँडबाहेर असलेला वायमनही परत आला. ते गाणं मी मोठ्या आवाजात लावतो. बाकीच्या बहुतेक गाण्यांत ड्रमवर स्टीव्ह जॉर्डन आहे, तो उत्तम वाजवतो, त्याबद्दल तक्रार नाही.

आणि शेवटचं, बारावं गाणं. मडी वॉटर्सचं १९५० मधलं, ज्याच्यावरून यांचं नाव पडलं ते. एवढ्या वर्षांत ते त्यांनी कधी रेकॉर्ड केलं नव्हतं. खोलीत दोघंच. कीथची गिटार, मिकचा आवाज आणि माउथ ऑर्गन. फलाटावर काखेत होतं ते.

मी ते पहिल्यांदा लावलं तेव्हा रात्रीचे दहा वाजले असतील. नातवाने फोन स्पीकरला जोडून दिला होता आणि तो झोपायला गेला होता. बायको ओट्यापाशी सकाळसाठी कळण्याचं पीठ काढत होती. माउथ ऑर्गनचा तो लांब हुंदका ऐकून तिचा हात थांबला.

"कोन मरी गयं?" तिने विचारलं.

"ढोलवाला," मी म्हटलं. "दोन वर्षं झाली."