मामलेदार कचेरीतून जेडी-एमबीएला: तुम्ही विचारलंत म्हणून

“मामलेदार कचेरीतली नोकरी जेडी-एमबीएच्या अर्जाला उपयोगी पडते का?” फोंडा, म्हापसा, डिचोली, कुठूनही फोन येवो, अमेरिकेत कायदा आणि व्यवस्थापन एकत्र शिकायची इच्छा असलेली मुलं शेवटी हेच विचारतात. पडते. मी ७ वर्षं अव्वल कारकून होते, त्याच अनुभवावर मला प्रवेश मिळाला. पण पहिल्या वर्षी सगळीकडून नकार आला, आणि तो योग्यच होता.

अर्जासोबतचा निबंध मी सेवापुस्तकासारखा लिहिला होता. हुद्दा, तालुका, वर्षं, आणि सगळी वाक्यं ‘कार्यवाही करण्यात आली’ छापाची. फाईलवर ‘मी’ लिहायची आपल्याला सवयच नसते. वाचणाऱ्याला मात्र तेवढंच हवं असतं: त्यात तुम्ही काय ठरवलंत?

दुसऱ्या वर्षी एकच फाईल घेतली. एका भाटकाराला, म्हणजे जमीनमालकाला, हॉटेलसाठी जमिनीची सनद (बिगरशेती वापराची परवानगी) हवी होती. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीवर, मुंडकाराचं (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं) नाव नव्हतं, जागेवर घर मात्र उभं होतं. पाहणीला गेले तर अंगणात सोलं वाळत घातलेली. आजींनी पत्र्याच्या डब्यातून घरपट्टीच्या पावत्या काढल्या आणि एकेक करून माझ्यापुढे मांडल्या. गोव्याच्या १९७५ च्या मुंडकार कायद्याने गावात घरासकट ३०० चौरस मीटरपर्यंत जागा विकत घ्यायचा हक्क मुंडकाराला आहे. तिकडे भाटकाराच्या कर्जावर व्याज चढत होतं. त्याची घाईही खरी होती. अहवालात मी घराची नोंद केली आणि तेवढा तुकडा आराखड्यातून वगळायचं त्याला सुचवलं. तो तयार झाला, पण ४ महिने गेले. ते ४ महिने कोणाला किती महागात पडले, हे मी निबंधात हिशेबासकट मांडलं. दोन्ही विषय एकत्र का शिकायचे, याचं माझं उत्तर त्या अंगणातच होतं. (नावं आणि सर्व्हे नंबर लिहायचे नाहीत. फाईल आपली नसते.)

आता व्यवहाराचं. हार्वर्डला हा अभ्यासक्रम ४ वर्षांचा आहे. येल, पेन्सिल्वेनिया, नॉर्थवेस्टर्न या विद्यापीठांत तो ३ वर्षांतही होतो. हार्वर्डच्या कायदा आणि व्यवस्थापन या दोन्ही शाळांना वेगवेगळे अर्ज करावे लागतात आणि दोन्हीकडे निवड व्हावी लागते. आपल्याला, म्हणजे गोवा सरकारच्या नोकरांना, लागू असलेल्या १९७२ च्या रजा नियमांत अभ्यास रजा ५ वर्षांच्या सेवेनंतर मिळते आणि साधारणपणे अख्ख्या नोकरीत २४ महिनेच. ३ वर्षं त्यात बसत नाहीत. घरच्यांसोबत बसून हा हिशेब अर्जाआधीच करा. मी राजीनामा दिला, आणि त्याआधी कित्येक रात्री झोपले नाही.

शिफारसपत्राला साहेबांकडे गेले तेव्हा ते गोपनीय अहवालासारखं ‘प्रामाणिक, कष्टाळू’ लिहायला बसले होते. मी त्यांना त्या पाहणीची आठवण करून दिली. त्यांनी पेन खाली ठेवलं, “त्या दिवशी तू माझ्याशी वाद घातला होतास,” म्हणाले, आणि तेच लिहिलं.