बैल विकू नये

२९ ऑगस्ट २०२५, शुक्रवार

दिवसभर पाऊस. गावच्या घरी गणपतीची आरती चालू असतानाच माजघरात गळायला लागलं. वहिनीने एका हाताने टाळ्या सांभाळत दुसऱ्या हाताने टोप सरकवला आणि थेंब बरोबर टोपात पडायला लागले. कुठे गळतं ते तिला न बघता माहीत आहे. मी नेमकी तिथेच उभी होते, म्हणून मला थोडं ढकलावंही लागलं.

रात्री विषय निघालाच. घरावरची मंगळुरी कौलं उतरवून पत्रे घालायचं दादाचं गेल्या वर्षापासून चाललंय. माकडं कौलांवरून उड्या मारतात, रोज दोन-चार फुटतात. पूर्वी मे महिन्यात घर शाकारायला गडी मिळायचे, आता तेही मुंबईला नाहीतर गोव्याला. जूनमध्ये घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याने पत्र्यांचा हिशेब टाकला होता. मी लगेच लिहिलं होतं, "कौलं काढायची नाहीत. घराचा जीव जाईल." डोंबिवली, विरार, बदलापूर आणि एक शारजा, असे अकरा अंगठे आले. दादाने काहीच लिहिलं नाही. तेव्हा मला वाटलं, पटलं असेल.

आज वहिनी खोबरं खोवता खोवता म्हणाली, "तू चार दिस येतंस, कौलांचे फोटो काढतंस. मे म्हैन्यात वर चडतलो कोण? तुझो भाव. साठ वर्सांचो झालो तो."

मी कप विसळायला उठले.

३१ ऑगस्ट, रविवार

आज गौर आली. तेरड्याची रोपं आणायला व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे गेले आणि तिसऱ्या दगडावरून घसरले. लागलं नाही, साडी गेली. आठवीत मुंबईला जाईपर्यंत हाच व्हाळ मी अंधारातही ओलांडायचे. कुठला दगड हलतो ते पायाला ठाऊक होतं. तसंच माटवीचं, गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं बांधतात त्या चौकटीचं. मुलाने परवा वर बोट दाखवून विचारलं, ते केशरी फळ कसलं? कवंडळ, एवढं सांगू शकले. कुठे मिळतं, तर उत्तर नाही. दादा गेला आणि घेऊन आला, एवढंच दिसलं.

दुपारी मोठी परात काढायला माळ्यावर चढले. परातीमागे पत्र्याच्या डब्यात तारेला ओवलेली चिठोऱ्यांची जुडी सापडली. वाण्याची बिलं असतील म्हणून टाकणार होते. मनीऑर्डरची कुपनं निघाली. आजोबांनी लालबागहून आजीला पाठवलेल्या पैशांची. बहुतेक चाळीस रुपये, सणाला साठ. आणि खाली मजकुराच्या जागेत दोन-दोन ओळी:

"पैसे पोचल्याचे कळवणे. झोडणी आटपली का."

"थोरल्यास शाळेतून काढू नये."

"बैल विकू नये. मी आल्यावर बघू."

ही शेवटची ओळ वाचून मी माळ्यावरच खाली बसले. बैलाची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. आजीला वाचता येत नव्हतं, पोस्टमन ओटीवर उभा राहून वाचून दाखवायचा. बैल विकू नये, असं त्याने वाचलं तेव्हा बैल विकून आठ दिवस झाले होते. आजी म्हणाली होती, "मगे नांगर काय तो मुंबैसून वडतलो?" पैशांसाठी अंगठा उठवला आणि चहा ठेवला. कुपन मात्र तारेला ओवून ठेवलं. ऐकायचं नव्हतं, पण टाकायचंही नव्हतं.

आजोबा आगबोटीने गेले. देवगडला बोट आत खोल पाण्यात उभी राहायची, पडावातून तिथवर जायचं. लालबागला गावच्या मंडळाची खोली होती. भिंतीला ट्रंका लावलेल्या, झोपायचं गिरणीच्या पाळीप्रमाणे. एक उठला की त्याच्या जागेवर दुसरा. खानावळीत जेवण, गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर, काम. वर्षातून एकदा गणपतीला नाहीतर शिमग्याला गाव. असं तीस वर्षं. त्या तीस वर्षांत भात कधी लावायचं, कर्ज कुणाचं घ्यायचं, सोयरीक कुठे करायची हे सगळं आजीने ठरवलं. सातबाऱ्यावर तिचं नाव कुठेही नव्हतं. वारस म्हणून लागलं ते आजोबा गेल्यावर.

आमच्याकडे गेलेल्यांचंच कौतुक होतं, दुःखही त्यांचंच. २०११च्या जनगणनेत सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १,०३६ बायका होत्या. लोक हा आकडा अभिमानाने सांगतात, मुली मारत नाहीत म्हणून. तेही असेल. पण मला त्यात आधी न दिसणारे पुरुष दिसतात, आणि ओटीवर पोस्टमनची वाट बघणाऱ्या बायका. २००१ ते २०११ या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या १९ हजारांनी कमीही झाली. म्हणजे आता बायकाही निघाल्या. मीही त्यातलीच, जरा आधी निघालेली.

१८ जानेवारी १९८२ला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. दोन-चार महिने वाट बघून आजोबा ट्रंक घेऊन कायमचे आले. मी नऊ वर्षांची होते. आईवडील मुंबईला एका खोलीत, आणि मी आजीकडे. आजोबा गेले तेव्हा जिल्हा रत्नागिरी होता, परतले तो सिंधुदुर्ग झाला होता. यावर ते स्वतःच हसायचे. बाकी हसण्यासारखं फार नव्हतं. ओटीवर बसून सूचना द्यायचे, बांध असा घाल, गवत तिकडे रच. कुणी उलटून बोलत नसे आणि कुणी ऐकतही नसे. कोयता कुठे अडकवतात हेसुद्धा त्यांना विचारावं लागायचं. आजी एकदा शेजारणीला म्हणाली, "तीस वर्सां वाट बघलंय, आता वाटेतच बसान ऱ्हवलो." दोघी हसल्या. तेव्हा मीही हसले. आज ते वाक्य आठवून आजोबांची दया आली आणि आजीचीही. तिचं राज्य गेलं ते कुणी मोजलंच नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

गौरी-गणपती गेले. पाटावर अक्षता तेवढ्या उरल्या.

सरकारने म्हणे यंदा ठरवलंय, 'चाकरमानी' म्हणायचं नाही, 'कोकणवासीय' म्हणायचं. मुलाने मोबाईलवर वाचून दाखवलं. दादा म्हणाला, "वासीय तर आम्ही." सगळे हसले, मी जरा उशिरा.

खरं सांगायचं तर मला परत येऊन राहायचं नाहीये. गावाच्या आठवणीने डोळे पुसणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. डोंबिवलीच्या घराच्या कागदावर माझं नाव आहे, आधी माझं, मग ह्यांचं. पेन्शन माझी असेल. लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धी टेकून तीस वर्षं काढली त्याचं ते फळ, आणि मला ते हवंच होतं. आजीला मिळालं असतं तर तीही गेली असती, असं मला वाटतं. विचारायचं राहिलं.

पण गेल्याची किंमत मी माझ्याच खात्यातून दिली असं इतकी वर्षं धरून चालले होते. त्यातली बरीचशी दादा शिडीवर चढून देत होता. आणि मी तिकडून काय पाठवलं? "कौलं काढायची नाहीत." दोन ओळी, बैलासारख्या.

निघायच्या आधी दादाला म्हटलं, घाल तुला हवं ते. तो म्हणाला, "बघू." वहिनीने कोकमं, कुळथाचं पीठ आणि नारळ बांधून दिले. कुपनांची तार मागावीशी वाटली. मागितली नाही. परत डब्यात ठेवून आले.

४ सप्टेंबर, गुरुवार

काल पहाटे ठाण्याला उतरले. रात्रभर दोन्ही नारळ डोक्याशी घेऊन झोपले होते, मान अवघडली आहे.

आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत दादाला पत्र्यांसाठी माझ्या वाट्याचे पैसे पाठवले. गूगल पेवर रकमेच्या खाली काहीतरी लिहायला जागा असते. लाल कौलासारखे दिसणारे पत्रे मिळतात, मी इथे दुकानात पाहिलेत. तसं टाइप केलं. मग पुसलं. जागा रिकामीच ठेवून पाठवून दिले.

संध्याकाळी लोकलमध्ये वहिनीचा मेसेज आला. "पैशे पोचले. निळे पत्रे सांगलव."

निळे!